अपग्रेडनंतर बॅटरी लवकर उतरते: दोष सॉफ्टवेअरचा की बॅटरीचा?

प्रश्न असा आहे. सोलापुरातल्या एका कर सल्लागाराकडे चार वर्षांचा १५.६ इंची लॅपटॉप आहे. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत कामाला थोडी उसंत मिळाली तेव्हा, विंडोज १० वरून विंडोज ११ वर अपग्रेड केलं. आधी सकाळी पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून काम सुरू केलं की उरुळीपर्यंत बॅटरी पुरायची, म्हणजे साधारण साडेतीन तास. आता एप्रिलमध्ये सव्वादोन तासांत, भिगवणच्या आसपासच, लॅपटॉप बंद पडतो. हे अपग्रेडमुळेच झालं का, आणि परत विंडोज १० वर जावं का?

एवढ्या माहितीवरून होय किंवा नाही असं सांगता येणार नाही. जानेवारी ते एप्रिल या काळात तुमच्याकडे एक नाही, तीन गोष्टी बदलल्या: सॉफ्टवेअर बदललं, बॅटरी तीन महिन्यांनी जुनी झाली आणि सोलापूरचा उन्हाळा सुरू झाला. अपग्रेडची तारीख आपल्या लक्षात राहते, म्हणून सगळा ठपका तिच्यावर जातो. या तिन्ही गोष्टी वेगळ्या करून मोजता येतात. त्याला काही दिवसांच्या सकाळी लागतात आणि खर्च काहीच नाही.

सुरुवात तासांचा नाद सोडण्यापासून करा. बॅटरी किती तास चालली हा भागाकार आहे: बॅटरीत साठलेली ऊर्जा (वॅट-अवर) भागिले लॅपटॉप दर क्षणाला ओढत असलेली वीज (वॅट). वरची संख्या कमी झाली तरी तास घटतात आणि खालची वाढली तरी घटतात. सॉफ्टवेअरचा हात फक्त खालच्या संख्येपर्यंत पोचतो. म्हणून मोजायचे ते वॅट.

उदाहरण घेऊ. ११.४ व्होल्ट आणि ३.६ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ४१ वॅट-अवर. या वर्गातल्या लॅपटॉपांत अशी बॅटरी पुष्कळदा असते. समजा अपग्रेडच्या वेळी तिच्यात पूर्ण चार्जला ३८ वॅट-अवर मावत होते आणि त्यातले ९५ टक्के वापरून साडेतीन तास मिळत होते. म्हणजे खर्च १०.३ वॅट. आज तिच्यात २५ च मावत असतील आणि सव्वादोन तास मिळत असतील, तर खर्च येतो १०.६ वॅट. सॉफ्टवेअरने काहीच केलेलं नाही, बॅटरी थकली आहे. पण आजही ३७ मावत असतील आणि तरी सव्वादोन तासच मिळत असतील, तर खर्च १५.६ वॅट झाला. पाच वॅट कुठेतरी जादा जात आहेत आणि ते शोधलेच पाहिजेत. दोन्हीकडे तास तेच, पण उपाय पूर्ण वेगळे.

बॅटरीत आता किती मावतं हे विंडोज स्वतःच सांगतं. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा. ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द इंग्रजीत सलग टाइप करा: पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी. एक जागा सोडा, तिरपी रेघ द्या आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहून एंटर दाबा. तयार झालेली फाइल कुठे ठेवली तो पत्ता खाली दिसतो. ती ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यात सुरुवातीलाच ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे मिलिवॅट-अवरमध्ये असतात. ४१,०४० पैकी २९,५०० उरले असतील तर बॅटरी ७२ टक्क्यांवर आली आहे. बऱ्याच लॅपटॉपांत ‘सायकल काउंट’ही, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा, दिसतो.

फुल चार्ज कपॅसिटीचा आकडा विंडोज मोजत नाही. बॅटरी पॅकच्या आत एक चिप असते, तिने सांगितलेला आकडा विंडोज फक्त वाचून दाखवतं. त्यामुळे अपग्रेडने ‘बॅटरी खाल्ली’ आणि क्षमताच कमी झाली, असं होत नाही. आता त्याच रिपोर्टमध्ये खाली ‘बॅटरी कपॅसिटी हिस्टरी’ पाहा. आकडा आठवड्यामागून आठवडा थोडाथोडा उतरत असेल तर ती झीज आहे. एकाच दिवसात चार-पाच हजारांनी पडला असेल, तर बहुतेक वेळा चिपने आपला जुना, फुगलेला अंदाज दुरुस्त केलेला असतो. झीज आधीच झालेली असते, कबुली उशिरा मिळते.

रिपोर्टच्या शेवटी ‘बॅटरी लाइफ एस्टिमेट्स’ नावाचा तक्ता असतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर निम्म्याहून अधिक तिथेच आहे. प्रत्येक काळासाठी दोन अंदाज दिलेले असतात: आजच्या पूर्ण चार्जवर किती वेळ चालेल, आणि बॅटरी कोरी असती तर त्याच खर्चाने किती वेळ चालली असती. दुसऱ्या स्तंभातून झीज आपोआप वगळली जाते. अपग्रेडच्या तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी शेजारी ठेवा. ‘डिझाइन कपॅसिटी’चा स्तंभ जवळपास स्थिर आणि ‘फुल चार्ज’चा घसरलेला असेल, तर बॅटरी थकली आहे. दोन्ही एकदम घसरले असतील तर खर्च वाढला आहे. कोरं इन्स्टॉलेशन (सगळं पुसून विंडोज नव्याने बसवणं) केलं असेल तर जुना इतिहास त्याबरोबर पुसला जातो. म्हणून ज्यांचं अपग्रेड अजून व्हायचं आहे त्यांनी हा रिपोर्ट आजच काढून पेन ड्राइव्हवर ठेवावा.

आता उन्हाळा. जानेवारीत सोलापुरात सकाळी पंखाही नको वाटतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेने बॅटरीची त्या दिवसापुरती क्षमता घटत नाही, उलट थंडीपेक्षा ती किंचित जास्तच चालते. वाढतो तो लॅपटॉपचा खर्च. आतला पंखा पूर्ण वेगाने फिरला की एक ते दोन वॅट तोच घेतो आणि तापलेल्या प्रोसेसरमधून गळणारी वीजही वाढते. एकूण खर्चच आठ-दहा वॅट असेल तर ही वाढ लहान म्हणता येत नाही. शिवाय उन्हाळाभर चाळीस अंशांच्या खोलीत, चार्जर लावून, शंभर टक्क्यांवर पडून राहिलेली बॅटरी कायमची झिजते. कार्यालयातले बहुतेक लॅपटॉप नेमके असेच पडलेले असतात.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट बाहेरच्या सल्ल्यांत सापडत नाही. अशील यंत्रमागवाले असतील आणि लॅपटॉप अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्यांतून फिरत असेल, तर चादरी-टॉवेलच्या सुताचा तूस पंख्यातून आत ओढला जातो आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या बारीक पात्यांवर नमद्यासारखा जमतो. मग हवा पुढे जात नाही, पंखा सतत घोंघावतो आणि लोक म्हणतात नव्या विंडोजने मशीन तापतं. टॉर्च धरून बाजूच्या जाळीतून पाहा. राखाडी थर दिसला तर आधी तो साफ करून घ्या, मोजमाप नंतर. हवा मारताना पात्याला काडी लावून ते अडवा; फुकट गरगर फिरल्याने पंख्याचं बेअरिंग जातं.

लोक बॅटरी ‘तपासतात’ ते बहुधा लाइट गेल्यावर. त्या वेळी खोलीतला पंखा बंद, उकाडा वाढलेला, वायफायचा राउटर बंद म्हणून मोबाइलचं हॉटस्पॉट चालू आणि अंधारामुळे पडद्याचा उजेड नेहमीपेक्षा वेगळा असतो. गाडीतही डब्यातलं तापमान आणि फोनची रेंज रोज बदलते. अशा दोन दिवसांच्या तुलनेतून सॉफ्टवेअरबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

खरी चाचणी अशी करा. सकाळची वेळ घ्या, खोली रोज तीच आणि पंखाही त्याच वेगावर. मशीन रीस्टार्ट करून अर्धा तास सोडून द्या, म्हणजे सुरुवातीची धावपळ निवते. विंडोज अपडेट तेवढ्यापुरतं पॉज करा, ब्लूटूथ बंद ठेवा, वायफाय एकाच राउटरवर आणि एकाच जागेवरून. पडद्याचा आपोआप कमी-जास्त होणारा उजेड बंद करून ५० टक्क्यांवर स्थिर करा. इथे एक फसगत होते. डिस्प्ले ड्रायव्हर (पडदा आणि ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला की तेच ५० टक्के आधीपेक्षा जास्त उजळ पडू शकतात आणि पडद्याचा उजेड एक-दोन वॅट सहज इकडे-तिकडे करतो. म्हणून फोनवर लक्समीटरचं (उजेड मोजणारं) एखादं मोफत अ‍ॅप घ्या, पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा आणि फोनची पुढची बाजू, जिथे कानाचा स्पीकर असतो तिथली, पडद्याला टेकवून आकडा लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक चाचणीत स्लायडर न जुळवता हा आकडा जुळवा.

शंभर टक्के चार्ज करून चार्जर काढा, पण मोजणी ९० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंतच करा. अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकाला चिपचा अंदाज डगमगतो. तळाशी १२ वरून एकदम ५ वर येणं हे त्याचंच लक्षण. टक्के पाहू नका, मिलिवॅट-अवर पाहा. ‘बॅटरीइन्फोव्ह्यू’ किंवा ‘एचडब्ल्यूइन्फो’ या मोफत प्रोग्रॅमांत डिस्चार्जचा दर थेट दिसतो आणि नोंदवताही येतो. नोंद दर तीस सेकंदांनी पुरे. दर सेकंदाला विचारत बसलं तर विचारण्यातच वीज जाते. काहीच बसवायचं नसेल तर बॅटरी रिपोर्टमधल्या ‘रिसेंट यूसेज’मध्ये वेळ आणि उरलेले मिलिवॅट-अवर असतात. दोन ओळींतला फरक मधल्या तासांनी भागला की सरासरी दर मिळतो.

भार तीन प्रकारचे द्या. पहिला, काहीही न उघडता नुसता चालू पडदा, वीस मिनिटं. दुसरा, डिस्कवर ठेवलेला एकच व्हिडिओ, इंटरनेटशिवाय, तीस मिनिटं. तिसरा तुमचं रोजचं काम: टॅली, एक मोठी एक्सेल फाइल, जीएसटी पोर्टलचे ठरावीक टॅब, चाळीस मिनिटं. प्रत्येक भार तीनदा. तीनदा यासाठी की एकाच मशीनवर, काहीही न बदलता, आकडे थोडे हलतातच. एका बाजूला ६.०, ६.१, ६.३ वॅट आणि दुसऱ्या बाजूला ६.२, ६.४, ६.५ आले तर दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळतात. यावरून अपग्रेडला दोष देता येत नाही. दुसऱ्या बाजूला ९.७, ९.८, १०.१ आले तर वादच संपला.

पण जुन्या विंडोजचे आकडे आता कुठून आणायचे? पेन ड्राइव्हवर उबुंटूसारखं लिनक्स टाका आणि काहीही इन्स्टॉल न करता ‘ट्राय’ पर्यायाने चालवा. पडद्याचा उजेड लक्समीटरने जुळवा, पंधरा मिनिटं थांबा आणि टर्मिनलमध्ये ‘पॉवरटॉप’ (नसेल तर त्याच सत्रापुरतं बसवून) चालवून खर्चाचा दर पाहा. तिथे नुसत्या पडद्याला ६ वॅट आणि विंडोज ११ वर ११ वॅट लागत असतील, तर तुमचं हार्डवेअर कमी विजेत चालू शकतं हे सिद्ध झालं आणि जादा पाच वॅट विंडोजच्या बाजूला आहेत. उलट निष्कर्ष मात्र काढू नका. लिनक्सवरही ११ आले तर कदाचित तिथेही ग्राफिक्सचा ड्रायव्हर नीट लागलेला नसेल.

अपग्रेड नुकतंच झालेल्यांनी पहिला आठवडा मोजूच नये. त्या काळात सर्चची नवी अनुक्रमणी बनते, डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरस सगळी डिस्क तपासतो, स्टोअरमधली अ‍ॅप्स नवी होतात, वनड्राइव्ह फायली ताडून पाहतो. मॅकवरही मोठ्या अपग्रेडनंतर स्पॉटलाइट आणि फोटोजचं काम असंच काही दिवस चालतं. लॅपटॉप एक-दोन रात्री चार्जरवर, झोपू न देता ठेवला की ही कामं उरकतात. तुमच्याकडे तीन महिने झाले आहेत, तेव्हा ही सबब चालणार नाही.

जादा वॅट खरोखर सापडले तर ते कुठे जातात? बहुतेक वेळा गुन्हेगार विंडोज नसतं, ड्रायव्हर असतो. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स’ उघडा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असं नाव दिसलं तर शोध तिथेच थांबतो. ग्राफिक्सचं सगळं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडलं आहे. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घेऊन बसवा. नाव बरोबर असूनही व्हिडिओ पाहताना खर्च वाढत असेल, तर व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयूवर (ग्राफिक्सच्या चिपवर) जा आणि ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख पाहा. तो शून्यावर सपाट आणि प्रोसेसर तीस-चाळीस टक्क्यांवर असेल, तर डीकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याचं काम) हार्डवेअरकडे जात नाही. आधी ब्राउझरच्या सेटिंगमधलं ‘ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन’ चालू आहे का ते बघा. यूट्यूबच्या बाबतीत आणखी एक कारण असतं: एव्ही१ पद्धतीचा व्हिडिओ जुन्या चिपांना हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही आणि तो भार प्रोसेसरवर येतो. यात अपग्रेडचा संबंध नाही.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपात ते कार्ड कामाविना जागं राहणं ही सगळ्यात मोठी गळती आहे. नुसतं जागं राहायला ते कित्येक वॅट घेतं. टास्क मॅनेजरमध्ये कोणता प्रोग्रॅम ‘जीपीयू १’ वापरतोय ते बघा, मग सेटिंग्जमधल्या ‘सिस्टम’, ‘डिस्प्ले’, ‘ग्राफिक्स’मध्ये जाऊन त्या प्रोग्रॅमला ‘पॉवर सेव्हिंग’ द्या.

‘पॉवर अँड बॅटरी’त पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर गेला आहे का, आणि अपग्रेडआधीचा जुना अँटिव्हायरस अर्धवट शिल्लक आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. तिथेच ‘बॅटरी यूसेज’मध्ये कोणतं अ‍ॅप किती खातं याची यादी मिळते. त्याच ‘पॉवरसीएफजी’ला तिरपी रेघ आणि ‘एनर्जी’ जोडलं तर ६० सेकंद निरीक्षण करून अहवाल मिळतो. त्यातल्या लाल ओळी पाहून घाबरू नका. निरोगी मशीनवरही पाच-सहा लाल ओळी असतात. प्रोसेसरचा वापर जास्त असल्याची ओळ आणि तिच्याखालचं प्रोग्रॅमचं नाव, एवढंच कामाचं.

चार्जच ८० टक्क्यांवर थांबतोय का हेही बघा. अपग्रेडसोबत बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) किंवा कंपनीचं बॅटरी सांभाळणारं सॉफ्टवेअर नवं झालं असेल, तर चार्जची मर्यादा चालू झालेली असू शकते. मग पाचवा हिस्सा वेळ तिथेच गेला. कार्यालयात चार्जरवरच चालणाऱ्या मशीनला ही मर्यादा हितकारक आहे, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात. पुण्याला निघण्याच्या आदल्या रात्री तेवढी काढा.

रात्री ९० टक्के ठेवून झाकण मिटलं आणि सकाळी ६० उरले, अशी तक्रार असेल तर तो वेगळा विषय. ‘पॉवरसीएफजी’ला तिरपी रेघ आणि नुसतं ‘ए’ जोडून पाहा. ‘एस०’ असं उत्तर आलं तर लॅपटॉप झोपेतही अर्धवट जागा असतो, आणि तशाच कमांडने मिळणारा ‘स्लीपस्टडी’ हा अहवाल कोणत्या भागाने त्याला जागं ठेवलं ते नावानिशी सांगतो. ‘एस३’ असेल तर झोपेतला खर्च फार कमी असायला हवा. पिशवीत घालून नेताना ‘हायबरनेट’ करा. बंद पिशवीत जागा राहिलेला लॅपटॉप एसटीत तापला तर बॅटरीचं नुकसान कायमचं होतं.

परत जाण्याबद्दल. अपग्रेडनंतर ‘गो बॅक’ हा पर्याय १० दिवस असतो, तो तुमच्या हातून गेला आहे. अजून त्या मुदतीत असलेल्यांना ‘डिझम’ या कमांडने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण वाढवायची ती १० दिवसांच्या आत. आता तुम्हाला विंडोज १० कोरं बसवावं लागेल. त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. ज्या मशीनवर अशिलांचे पॅन, बँकेचे तपशील आणि डिजिटल सह्या आहेत, ते तासाभराच्या बॅटरीसाठी असुरक्षित करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ड्रायव्हर सुधारून खर्च खाली येतो का ते आधी पाहा.

चार वर्षांचं वय आणि उन्हाळे पाहता तुमच्या रिपोर्टमध्ये फुल चार्ज कपॅसिटी ७० टक्क्यांच्या खाली निघाली तर बॅटरी बदला. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर सेल फुगलेले आहेत. चाचणीही करू नका, चार्जर काढा, मशीन बंद करा आणि बॅटरी काढून घ्या. नवी घेताना जुन्या पॅकवरचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॅट-अवर जुळवा. त्याच आकाराच्या पॅकवर ४१ ऐवजी ६० वॅट-अवर छापलेले दिसले तर ती घेऊ नका. बसवल्यावर दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढून डिझाइन कपॅसिटी आणि सायकल काउंट पाहा. नव्या बॅटरीचा काउंट शून्याच्या आसपास हवा. मग घरी एकदा शंभरपर्यंत चार्ज करा, दोन तास तसाच ठेवा, बंद पडेपर्यंत वापरा आणि पुन्हा सलग पूर्ण चार्ज करा, म्हणजे चिपला खरी क्षमता कळते. हे एकदाच, दर महिन्याला केलं तर बॅटरी त्यानेच झिजते.